नाव तेच, आवृत्ती वेगळी

खरसुंडीच्या पौषी यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. दावणीला दोन खोंडं शेजारी शेजारी उभी असतात. दोन्ही पांढरी, दोघांची शिंगं लांब, मागं जाऊन वर वळलेली, दोघांच्या गळ्यात घुंगरमाळा. शहरातून आलेल्या पाहुण्याला विचारलं तर तो म्हणेल, दोन्ही सारखीच की! पण घेणारा शेतकरी तसं म्हणत नाही. तो आधी खोंडाचं तोंड उघडतो आणि दात बघतो. अदंत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे. मग खूर बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, चार पावलं चालवून बघतो. एवढं झाल्यावर रुमालाखाली हात घालून किमतीची बोटं दाबली जातात.

पशुपैदाशीच्या पुस्तकांत आमच्या खिल्लारचे चार प्रकार दिलेले असतात. आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठचा तापी खिल्लार, आणि चौथ्याचं नाव चक्क 'नकली' खिल्लार. लहानपणी मला वाटायचं, नकली म्हणजे खोटा बैल. पण खोटा बैल कसा असेल? तोही नांगर ओढतो, तोही वैरण खातो. नाव तेवढं तसं पडलं. हा 'नकली' शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी आज बैलांविषयी बोलणार नाही. नखाएवढ्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. दुकानदार तिला आयसी म्हणतात, पुस्तकात तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये ती आहे, विजेच्या मीटरमध्ये आहे, मोटारसायकलच्या काट्यामागं आहे, पोरांच्या खेळण्यात आहे. हिच्या पोटात एक छोटा कारकून बसलेला असतो. त्याच्यापुढं हुकमांची वही असते. तो एक हुकूम वाचतो, तेवढं काम करतो, पुढचा वाचतो. घड्याळाच्या एका ठोक्याला एक हुकूम, असं धरून चाला. ठोके सेकंदाला लाखांनी पडतात, एवढाच फरक.

माझा या विषयाशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. पोटासाठी बरीच वर्षं एका छापखान्यात खिळे जुळवले आणि प्रुफं तपासली. पण माझा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा, डिप्लोमा करून म्हसवडला मोटारींचे स्टार्टर आणि ऑटो स्विच दुरुस्त करतो, आणि त्याच्या दुकानात कोपऱ्यात माझी एक खुर्ची असते. कवितेला लागणारी शांतता तिथं नाही, पण चहा वेळेवर मिळतो.

माणदेशातलं पाणी कसं आहे हे मी सांगायला नको. बोअरला पाणी येतं ते तासाभराचं, कधी अर्ध्या तासाचं. शेतीची लाईट पाळीनं, पुष्कळदा रात्रीची. म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. पण बोअरचं पाणी संपलं तर मोटार कोरडी फिरते. पाण्यातली मोटार पाण्यानंच थंड राहते. कोरडी फिरली की वाइंडिंग जळतं. म्हणून पुतण्यानं स्वतःच एक छोटा बोर्ड तयार केला. मोटार पाणी ओढते तेव्हा ती जास्त करंट घेते. पाणी संपलं की करंट खाली येतो. बोर्डावरची आयसी तो करंट मोजत बसते आणि खाली आला की रिले सोडून कॉन्टॅक्टर पाडते. मोटार बंद. शेतकरी घरी झोपलेला, आणि ही नखाएवढी वस्तू विहिरीवर जागी. मला ही कल्पना फार आवडली होती. तिच्यावर एक कविताही लिहून झाली होती.

दोन वर्षं बोर्ड उत्तम चालले. मग आयसींचा नवा माल आला. पुतण्यानं सात बोर्ड केले, टेबलावर चालवून पाहिले आणि तीन शेतकऱ्यांना दिले. पंधरा दिवसांत दोन मोटारी जळाल्या.

त्यातल्या एका बागायतदाराला आम्ही आबा म्हणतो. डाळिंबाची बाग, बहार धरलेला, झाडांवर सेटिंग झालेली, आणि मोटार जळून बोअरमध्ये. ती वर काढायची, वाइंडिंगला टाकायची, परत सोडायची, म्हणजे आठवडा गेला. आठवडाभर आबा टँकरचं पाणी विकत घेऊन झाडांच्या बुडाशी ओतत होते. दुकानात आले तेव्हा ते ओरडले नाहीत. बोर्ड टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरा, ह्यो राखणीला ठिवला हुता. राखणदारच झोपला की रं." पुतण्या काही बोलला नाही. मीही हातातलं पुस्तक मिटून ठेवलं.

रात्री आम्ही दोघांनी जुना बोर्ड आणि नवा बोर्ड शेजारी शेजारी ठेवले. पुतण्या तारा, रिले, जोडण्या तपासत होता. मला त्यातलं काही कळत नाही. मला एकच कला येते, मूळ प्रत आणि प्रूफ समोरासमोर धरून अक्षर अक्षर ताडणं. भिंग घेऊन मी आयसींच्या पाठीवरची अक्षरं वाचू लागलो. प्रूफ वाचणाऱ्यानं अर्थ बघायचा नसतो, अर्थ बघितला की डोळा चूक स्वतःच दुरुस्त करून पुढं जातो. जुन्या आयसीवर ३२८ पुढं पी होता. नव्या आयसीवर ३२८ पुढं पी, आणि त्याला चिकटून एक बारीक बी.

मी म्हणालो, "बेटा, इथं एक अक्षर जास्तीचं आहे."

त्यानं भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चाचा, प्रोग्रॅम भरताना सॉफ्टवेअरनं अडवलं होतं मला. सही जुळत नाही म्हणालं. मला वाटलं वायर सैल असेल. मी जबरदस्तीनं पुढं रेटलं."

ही सही काय भानगड आहे ते सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथंच आहे. या जातीच्या प्रत्येक आयसीच्या पोटात कारखान्यातच तीन आकडे कोरून ठेवलेले असतात. ते पुसता येत नाहीत, बदलता येत नाहीत. ॲटमेगा ३२८पी या आयसीचे आकडे आहेत १ई, ९५, ०एफ. पहिला आकडा घराण्याचा, म्हणजे ॲटमेल कंपनीचा. ही कंपनी २०१६ साली मायक्रोचिपनं विकत घेतली, पण आकडा जुनाच राहिला. लग्न झालं तरी काही बायका माहेरचं आडनाव ठेवतात, तसं. दुसरा आकडा सांगतो की हुकमांची वही ३२ किलोबाइटची आहे. तिसरा आकडा नेमका नग सांगतो. ३२८पीबीची सही आहे १ई, ९५, १६. घराणं तेच, वही तेवढीच, नग निराळा. नुसत्या ३२८ची, मागं पी नसलेल्याची, सही आणखी वेगळी, १ई, ९५, १४. बाहेरून बघाल तर सगळ्यांचं रूप एक.

बरं, मग फरक तो काय? फरक पुष्कळ आहेत, पण आमचं नुकसान करणारा एकच होता. मघाशी मी ठोक्यांचं बोललो. हे ठोके क्रिस्टल नावाचा एक स्फटिक देतो, आणि आयसी त्या स्फटिकाला झोका देत राहते. जुन्या ३२८पीमध्ये हा झोका देण्याच्या दोन रीती होत्या. एक जोराची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरी हलकी, वीज वाचवणारी. आजूबाजूला विजेचा गोंगाट असेल तर जोराची रीत वापरा, असं कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे. आणि मोटारीच्या पेटीइतका गोंगाट कुठं असणार? कॉन्टॅक्टर धाडकन बसतो आणि सुटतो, तेव्हा जी ठिणगी उडते ती म्हणजे या नाजूक कारकुनाच्या कानाशी सुतळी बॉम्बच. पुतण्यानं म्हणूनच जोराची रीत निवडली होती. ३२८पीबीमध्ये जोराची रीत काढून टाकलेली आहे. उरली ती हलकी. बाजाराच्या गर्दीत कुजबुजून हिशोब सांगावा तसं झालं. एखाद्या ठिणगीला ठोका चुकला आणि कारकून होता त्या हुकमावर थिजला. रिले धरलेला तसाच राहिला. पाणी संपलं, मोटार फिरत राहिली.

हा तर्क झाला. पुतण्यानं तो तपासून पाहिला. टेबलावर एक कॉन्टॅक्टर बोर्डाला खेटून ठेवला आणि शंभर वेळा चालू-बंद केला. जुना बोर्ड एकदाही अडला नाही. नवा तीनदा थिजला.

आणि मला सगळ्यात टोचलं ते हे, की नवी आयसी काही वाईट नव्हती. तिच्यात ठोका बंद पडला तर ते ओळखून स्वतःच्या आतल्या घड्याळावर जाण्याची सोय आहे, जी जुनीत नव्हती. फक्त ती सोय चालू करावी लागते. जास्तीचे पायही आहेत. जुनीचा ३ नंबरचा पाय अर्थिंगचा आणि ६ नंबरचा सप्लायचा. नवीत तेच दोन पाय कामाचे पाय झाले आहेत. पण जुन्या नकाशावर तिला बसवलं तर ही श्रीमंती कुणाच्या उपयोगाची? उलट प्रोग्रॅमनं चुकून त्यातल्या एका पायाला उलटा हुकूम दिला, तर आतून एक रेटणार, बाहेरून दुसरा.

इथपर्यंत गोष्ट दोन भावांची झाली, पी आणि पीबी. त्यांची नावं निदान वेगळी आहेत. आता त्याहून अवघड गोष्ट सांगतो. नाव अगदी तेच, एका अक्षराचाही फरक नाही, तरी आयसी वेगळी असते. हिला म्हणतात सिलिकॉनची आवृत्ती.

आवृत्ती हा शब्द छापखान्याचा, आणि तो इथं तंतोतंत बसतो. आयसी खरोखर छापलीच जाते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशानं नक्षी उतरवतात, थरावर थर, आणि प्रत्येक थराला काचेचा एक ठसा असतो. खालचे थर म्हणजे स्विच, वरचे थर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या धातूच्या तारा. छपाई झाली, माल विकला गेला, आणि मग चूक सापडते. पुस्तकात सापडते तशीच. मग दोन मार्ग असतात. चूक फक्त वरच्या तारांमध्ये असेल तर धातूचे एकदोन ठसे बदलून भागतं. चार रंगांच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकलं तर आम्ही फक्त काळ्या शाईची प्लेट बदलायचो. गणपती, कलश, फुलं तशीच. पण चूक मुळातल्या थरात असेल तर सगळे ठसे नव्यानं करावे लागतात, आणि त्याला अफाट पैसा लागतो. पुष्कळ कंपन्यांत रीत अशी, की धातूपुरता बदल झाला तर आवृत्तीचा आकडा वाढतो, ए०ची ए१ होते. मुळापासून बदल झाला तर अक्षर बदलतं, बी० येते.

आणि नवी आवृत्ती निघेपर्यंत काय? तोवर कंपनी शुद्धिपत्र काढते. होय, शुद्धिपत्रच. आम्ही पुस्तकाच्या शेवटी गुलाबी कागदाची चिठ्ठी चिकटवायचो, 'पान अमुक, ओळ तमुक, असे वाचावे', तसंच. कोणत्या आवृत्तीत कोणती चूक आहे, त्यावर तात्पुरता उपाय काय, आणि कोणत्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, याचा तक्ता. माझा अनुभव असा, की पुस्तकाचं शुद्धिपत्र कुणी वाचत नाही. पुतण्या म्हणतो, आमच्यातही कुणी वाचत नाही.

एक ताजं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये रास्पबेरी पाय या इंग्लंडच्या संस्थेनं पिको २ नावाचा स्वस्त बोर्ड आणला. त्यावर आरपी२३५० ही त्यांची स्वतःची आयसी. पहिल्या मालाची आवृत्ती ए२. आयसीच्या पायावर काही जोडलेलं नसेल तेव्हा तो शून्यावर राहावा म्हणून आतून त्याला खाली ओढणारा एक कमकुवत रोधक असतो. जनावर भटकू नये म्हणून सैल दाव्यानं बांधतो तसा. ए२मध्ये असं दिसलं की पाय एकदा वर गेला आणि मग मोकळा सोडला तर तो शून्यावर येतच नाही, सुमारे २.२ व्होल्टवर अडकून राहतो. ना धड शून्य, ना धड एक. कंपनीनं शुद्धिपत्रात ही चूक ९व्या क्रमांकावर लिहिली आणि उपाय दिला, की बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमीचा रोधक लावा, म्हणजे दावं मजबूत करा. २०२५ साली ए४ आवृत्ती आली, तीत ही चूक दुरुस्त केलेली आहे. आयसीच्या पाठीवर नावाच्या शेवटी ए२ की ए४ हे लिहिलेलं असतं. एका अक्षराएवढी जागा. पण ए४वर बाहेरचा रोधक न लावता केलेला बोर्ड, उद्या कुणी ए२चा जुना माल घालून भरला, की झालं.

काही आयसी आपली आवृत्ती तोंडानं सांगतात. पीआयसी१८ या कुळातल्या पुष्कळ आयसींत आत १६ बिटांचा ओळखक्रमांक असतो. त्यातले ११ बिट नावाचे, ५ बिट आवृत्तीचे. म्हणजे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खाली शिधापत्रिकेची दुबार प्रत क्रमांक, दोन्ही. ईएसपी३२ला प्रोग्रॅम भरायला घेतला की सॉफ्टवेअर पहिल्या काही ओळींतच तिची आवृत्ती छापून दाखवतं. एसटी कंपनीच्या एसटीएम३२ कुळातही अशी जागा आहे, खालचे १२ बिट नगाचे, वरचे १६ आवृत्तीचे. पण एसटीएम३२एफ१०३ या फार खपलेल्या आयसीत एक मौज झाली. हा ओळखक्रमांक बाहेरून डिबगर जोडून वाचला तर दिसतो, पण आयसीतल्याच प्रोग्रॅमनं वाचायला घेतला तर शून्य मिळतं. म्हणजे आवृत्ती ओळखण्याच्या जागेतच चूक, आणि ती चूकही शुद्धिपत्रात नोंदलेली. ओळखपत्रावरचं नाव दुसऱ्याला वाचता येतं, आपल्याला नाही. कवीला यापेक्षा जास्त काय हवं?

काही आयसींना मात्र तोंडी परीक्षा घेऊनच ओळखावं लागतं. १९९४ साली अमेरिकेत व्हर्जिनियाच्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांची उत्तरं जुळेनात. प्रोग्रॅम तपासला, काँप्युटर बदलून पाहिला, आणि शेवटी दोष सापडला तो इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये. भागाकार भरभर व्हावा म्हणून आत एक तक्ता ठेवलेला होता, पाढ्यांच्या पुस्तकासारखा, आणि त्यातल्या काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या. क्वचित एखादा भागाकार त्या रिकाम्या जागेवर पाय टाकायचा. मग दोषी प्रोसेसर कसा ओळखायचा? लोकांनी एक उदाहरण शोधून काढलं. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ने गुणा, आणि ते ४१९५८३५मधून वजा करा. उत्तर शून्य यायला पाहिजे. दोषी आवृत्ती सांगते २५६. शाळेतल्या पोरानं हसावं असं गणित. इंटेलनं आधी किरकोळ म्हणून टाळलं, मग डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला बदलून देऊ असं जाहीर केलं. ४७.५ कोटी डॉलर त्यासाठी बाजूला काढावे लागले. तिथंही प्रोसेसरचं नाव बदललं नव्हतं. बदलली होती आवृत्ती.

आता त्या 'नकली' शब्दाकडं वळू. कोरोनाच्या काळात, २०२० नंतर, जगभर आयसींचा दुष्काळ पडला. दुष्काळात काय होतं हे माणदेशाला कुणी शिकवू नये. भाव चढले आणि नाना प्रकारचा माल बाजारात आला. जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या आयसी पॉलिश करून नव्या म्हणून. एका नावाच्या आयसीची पाठ घासून तिच्यावर दुसरं महागडं नाव कोरून. आणि तिसरा प्रकार, दुसऱ्या कंपनीनं रीतसर बनवलेली, पायाला पाय जुळणारी आयसी. हा तिसरा प्रकार स्वतःच्या नावानं विकला तर त्यात गैर काही नाही, तो आपला नकली खिल्लार. नांगर ओढतो. गैर तेव्हा होतं, जेव्हा त्याच्या पाठीवर अस्सलचं नाव कोरलं जातं. एसटीएम३२एफ१०३च्या नावावर विकल्या गेलेल्या काही आयसी अशाच सापडल्या. अस्सलचा डिबग क्रमांक १बीए०१४७७, आणि त्या काही नकलांचा २बीए०१४७७. पहिला आकडा एकाऐवजी दोन. ज्याचं सॉफ्टवेअर कडक होतं त्याला तिथंच अडवलं. ज्यानं अडवणूक म्हणून ती तपासणीच बंद केली, तो आमच्या पुतण्याचा सख्खा भाऊ.

नकलेवर राग काढायचा तर कुणावर काढायचा, हाही प्रश्न आहे. २०१४ साली एफटीडीआय या कंपनीनं आपल्या यूएसबी आयसीसाठी नवा ड्रायव्हर काढला, आणि तो नकली आयसी दिसली की तिचा ओळखक्रमांक शून्य करून टाकायचा. आयसी काँप्युटरला दिसेनाशी व्हायची. जगभर ओरड झाली, आणि तो ड्रायव्हर मागं घ्यावा लागला. कंपनीचं दुःख खरं होतं. पण शिक्षा कुणाला झाली? नकल करणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही नाही. ज्या माणसानं चांगल्या विश्वासानं वस्तू घेतली, त्याची वस्तू मेली. मला आपली आबांची बाग आठवली.

पाठीवरची अक्षरं वाचायची कशी, हे जाता जाता सांगतो. अस्सल अक्षरं बहुतेक आता लेझरची असतात. उजेड तिरका धरून बघावीत. पाठ घासून वर काळा थर दिलेला असेल तर कापसावर ॲसिटोन घेऊन पुसल्यावर पुष्कळदा कापूस काळा होतो. पायांना आधी कथील लागलेलं आहे का ते बघावं. नव्या नवरीच्या पायाला चिखल नसतो. नावाखाली पुष्कळदा चार आकडे असतात, २३१४ असे. म्हणजे २०२३ साल, १४वा आठवडा, एप्रिलचा सुरुवातीचा काळ. एकाच पट्टीतल्या आयसींवर चार वेगळे आठवडे असले तर तो माल चार घरांतून गोळा झाला आहे असं समजावं. आणि आयसी बाजारात यायच्या आधीचीच तारीख तिच्यावर असेल, तर हसू आवरून ती परत करावी. पण एक लक्षात ठेवा, पाठ खोटी असू शकते. दात खोटे नसतात. म्हणून आधी पाठ वाचायची, मग आतली सही, आणि दोन्हींची गाठ शुद्धिपत्राशी घालायची. यातलं कुठलंही एक पुरत नाही. ॲटमेगा ८ आणि ॲटमेगा ८ए या दोघांची सही एकच आहे, १ई, ९३, ०७. तिथं सहीवर विसंबलात तर फसाल, तिथं पाठच वाचावी लागते.

आबांच्या वाइंडिंगचा खर्च पुतण्यानं दिला. त्यांनी अर्धाच घेतला आणि म्हणाले, टँकरचं राहू दे, पण बोर्ड नवा दे. दुसऱ्या शेतकऱ्यानं पूर्ण घेतला, आणि ते त्याचं रास्तच होतं. तिसऱ्याचा बोर्ड अजून थिजला नव्हता. आम्ही दोघं मोटारसायकलवर जाऊन तो रात्रीच काढून आणला, लाईट यायच्या आधी. उरलेल्या पीबी आयसी फेकल्या नाहीत. पुतण्यानं त्यांचं पुस्तक पहिल्यापासून वाचलं, क्रिस्टल काढून टाकून आतल्याच घड्याळावर त्या चालवल्या, आणि वॉचडॉग चालू केला. वॉचडॉग म्हणजे कारकुनाच्या मागं उभा केलेला दुसरा राखणदार. त्याचं घड्याळ वेगळं असतं. कारकुनानं ठराविक वेळात 'जागा आहे' असं सांगितलं नाही की तो त्याला हलवून पहिल्या हुकमापासून बसवतो. आधी तो बंद का होता, असं मी विचारलं. पुतण्या म्हणाला, कधी गरज पडली नव्हती. कॉन्टॅक्टर पुन्हा शंभर वेळा आपटून बघितला. मग दोनशे वेळा. आता आबांच्या बोअरवर असलाच बोर्ड आहे.

दुकानात आता एक जाडजूड वही आहे, लाल कापडी पाठीची. प्रत्येक बोर्डाला एक ओळ. तारीख, आयसीच्या पाठीवरची सगळी अक्षरं जशीच्या तशी, आठवड्याचा आकडा, आतली सही, आवृत्ती, कुणाला दिला. ती वही माझ्या अक्षरात आहे, कारण पुतण्याचं अक्षर त्याचं त्यालाच वाचता येत नाही. परवा कुरिअरनं नवा माल आला. पुतण्यानं पहिली आयसी बसवली, वायर जोडली आणि पडद्याकडं बघत मोठ्यानं वाचू लागला. मी चष्मा पुसला आणि वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. छापखान्यात मूळ प्रत वाचणारा असाच वाचायचा.

"एक, ई."

"पुढं."

"नऊ, पाच."

"पुढं."

"शून्य, एफ."

"बरोबर. आता दुसरी लाव."